संगणकाची शिल्लक आणि कीर्द

पेढीवरचा गल्ला सायंकाळी मोजला की दिवसाची शिल्लक कळते. परंतु ती शिल्लक कशी जमली हे सांगावयास कीर्दच लागते. कीर्द हरवली आणि गल्ला शाबूत राहिला, तर रक्कम हाती असते, हिशेब मात्र नसतो. संगणकाशी प्रश्नोत्तरे करीत आकडेमोड करणाऱ्या माणसापुढे हाच पेच रोज काम आवरताना उभा राहतो.

या प्रकाराला संवादी प्रोग्रॅमिंग म्हणतात. एक आज्ञा लिहावी, संगणकाने तत्काळ उत्तर द्यावे, ते पाहून पुढची आज्ञा सुचावी, असा हा व्यवहार होय. त्यात निर्माण झालेले आकडे, कोष्टके व सूत्रे यंत्राच्या स्मृतीत साठत जातात. या साठ्याला ‘वर्कस्पेस’ हे नाव रूढ आहे. केनेथ आयव्हर्सन यांच्या संकेतपद्धतीतून उपजलेली एपीएल ही भाषा १९६६ च्या सुमारास आयबीएमच्या संगणकांवर चालू लागली, तेव्हा हा सारा साठा जसाच्या तसा जतन करून दुसऱ्या दिवशी उघडण्याची सोय तीत होती. अर्धवट विणलेले वस्त्र मागावरच ठेवून विणकराने घरी जावे, तशी ही सोय. ती लोकांना आवडली यात नवल नाही.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडविलेल्या ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेनेही ही रीत ठेवली. आर बंद करू लागताच ती विचारते, वर्कस्पेस जतन करावयाचे काय? होकार दिला की एक फाइल तयार होते. तिचे नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे पुष्कळ संगणकांवर ती सहसा दृष्टीस पडत नाही. पुढच्या वेळी आर त्याच ठिकाणी उघडली की जुना साठा आपोआप परत येतो. पडद्यावर तशी एक ओळ उमटते, आणि ती वाचणारे थोडे.

यातून काय घडू शकते, हे पाहण्यासाठी बऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूरचेच उदाहरण कल्पावे. इच्छादेवीच्या टेकडीखालचे, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले हे गाव. भोवताली केळीचे मळे. येथील एखाद्या विद्यार्थिनीने तीनशे घडांची वजने टिपून आणली, असे समजू. सरासरी भरली २२ किलो. फण्या उतरविल्यावर उरणारा दांडा विकला जात नाही. म्हणून तिने प्रत्येक वजनातून २ किलो वजा करण्याची आज्ञा दिली व उत्तर ‘वजन’ या जुन्याच नावाखाली ठेवले. सरासरी झाली २०. वर्कस्पेस जतन करून ती झोपली. दुसऱ्या दिवशी वजने समोर हजर पाहून तिने काम पुन्हा दांड्यापासून सुरू केले. वजाबाकी दुसऱ्यांदा झाली; सरासरी १८ वर आली. संगणकाने कुरकुर केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक काहीच नव्हती. हजार घडांमागे २० क्विंटल केळी कागदावरून नाहीशी झाली, आणि साठ्यातील आकड्यांकडे पाहून ती कोठे गेली हे कोणासही सांगता येणार नाही. टंकलेल्या आज्ञांची जंत्री आर वेगळी ठेवू शकते हे खरे. परंतु तीत चुका, दुरुस्त्या व गमतीने करून पाहिलेले प्रयोग यांची अशी खिचडी असते की तिला कीर्द म्हणवत नाही.

तिने त्या आज्ञा स्क्रिप्टमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, क्रमाने लिहिल्या असत्या तर? प्रत्येक वेळी कोऱ्या स्मृतीने आरंभ, मूळ वजने फाइलीतून वाचणे, दांडा एकदाच वजा, मग सरासरी. दहादा चालविली तरी उत्तर २०. हॅडली विकहॅम व गॅरेट ग्रोलमंड यांच्या २०१७ सालच्या पाठ्यपुस्तकात तर वर्कस्पेस आपोआप जतन होण्याची सोय बंदच करून टाकावी, असा सल्ला आहे.

पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ या उपक्रमाचे काम या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथे देशभरच्या विद्यार्थ्यांकडून व शिक्षकांकडून प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅब, आर यांसारख्या मुक्त भाषांत उतरवून घेतली जातात. सायलॅबमध्येही साठा जतन करण्याची आज्ञा आहेच. परंतु मागितली जाते ती स्क्रिप्ट. कारण नागपूरच्या विद्यार्थ्याने सोडविलेले उदाहरण कोल्हापूरच्या शिक्षकाला वाचता यावे, चालविता यावे आणि पुस्तकातील उत्तराशी ताडून पाहता यावे.

हल्ली लोकप्रिय झालेल्या ज्युपिटर नोटबुकांत आज्ञा व उत्तरे एकाखाली एक दिसतात, त्यामुळे कीर्द आपोआप लिहिली गेल्याचा भास होतो. पण आज्ञांचे चौकोन वरखाली कोणत्याही क्रमाने चालविता येतात, आणि पुसून टाकलेल्या चौकोनाचा परिणाम स्मृतीत तसाच राहतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरील सुमारे १४ लाख नोटबुके गोळा करण्यात आली. ज्यांचा क्रम निश्चित होता ती पुन्हा चालवून पाहता जेमतेम २४ टक्के विनाअडथळा चालली आणि मूळचीच उत्तरे सुमारे ४ टक्क्यांनी दिली.

तथापि साठ्याला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. एखादी आकडेमोड रात्रभर चालत असेल, तर तिचे फळ जपून ठेवणे शहाणपणाचेच आहे. मात्र ते नाव देऊन, स्वतंत्र फाइलीत ठेवावे, आणि ते ज्या स्क्रिप्टमधून निघाले ती शेजारी असावी.

इच्छापूरच्या त्या विद्यार्थिनीने स्क्रिप्ट परीक्षकाकडे पाठविली, तर त्याचे बोट नेमके तिसऱ्या ओळीवर पडेल. सगळ्याच घडांचा दांडा २ किलोचा कसा, मोठ्या घडाचा जड नसतो काय, असे तो विचारील. मग तिला पुन्हा मळ्यात जाऊन थोडे दांडे तोलावे लागतील, ती एक ओळ बदलावी लागेल, आणि बाकीचा हिशेब संगणक क्षणात नव्याने करून देईल.