एजंटला वाचू द्या, लिहू देण्याआधी थांबा

भिवंडीच्या अनेक गोदामांतला साठा आता डेटाबेसमध्ये सांभाळला जातो. अशा डेटाबेसला एआय एजंट जोडता येतो. ‘पडघ्याच्या शेडमध्ये कोणता माल तीन महिने पडून आहे?’ हा प्रश्न फक्त वाचनाचा. नोंदींना धक्का लागत नाही. ‘जुन्या नोंदी काढून टाक’ हे मात्र लेखन. एक डिलीट चुकलं, तर माल रॅकवर असूनही सापडत नाही आणि ट्रक दारात ताटकळतो.

जुलै २०२५मध्ये रेप्लिट कंपनीच्या एजंटने, काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असतानाही, एका अमेरिकी उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. वर तो डेटा परत मिळणार नाही असंही एजंटने सांगितलं, प्रत्यक्षात मिळाला.

नुसती ताकीद पुरत नाही, हे इथे स्पष्ट झालं. बंधन डेटाबेसच्या परवानगीतच हवं. एजंटला वेगळं खातं द्यावं, त्यावर फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचण्याचा, हक्क ठेवावा. लिहिणं अटळच असेल तर ठरावीक टेबलापुरतं, माणसाच्या मंजुरीनंतर आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवून. मालकाच्या अ‍ॅडमिन पासवर्डवर एजंट चालवणं मला सरळसरळ धोक्याचं वाटतं. तुमचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला आजच विचारा: एजंट कोणत्या खात्याने आत शिरतो?