दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे डीव्हीडीवर मुद्रण

दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेला कार्यक्रम टिपून घेणे व घरगुती डीव्हीडी प्लेअरवर चालेल अशा स्वरूपात तो कोऱ्या तबकडीवर उतरविणे, या क्रियेस डीव्हीडी मुद्रण असे म्हणतात. बोलीभाषेत 'डीव्हीडी राइट करणे' किंवा 'बर्न करणे' हे शब्दप्रयोग रूढ आहेत. भारतात ही पद्धत इ.स. २००० नंतरच्या दशकात रुळली. पेन ड्राइव्ह, स्मार्टफोन आणि मागणीनुसार कार्यक्रम दाखविणाऱ्या संकेतस्थळांच्या प्रसारानंतर ती मागे पडली. प्रस्तुत लेखात या क्रियेचे विवेचन मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे.

पार्श्वभूमी

केबल येण्यापूर्वी मराठवाड्याच्या या भागात दूरदर्शनचे कार्यक्रम जमिनीवरील प्रक्षेपकांवरून, छतावरील अँटेनाद्वारे पाहिले जात. त्या काळात मुद्रणाचे घरगुती साधन म्हणजे व्हीसीआर आणि व्हीएचएस कॅसेट. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे झालेल्या भूकंपाच्या वेळच्या बातम्या एखाद्या घरी जपलेल्या असतील, तर त्या अशा कॅसेटवरच. त्यानंतर व्हीसीडी आली. तिच्यातील चित्र ३५२×२८८ बिंदूंचे, म्हणजे कॅसेटच्याच तोडीचे होते. डीव्हीडीवर मात्र पाल पद्धतीचे पूर्ण ७२०×५७६ बिंदूंचे चित्र मावते.

मुद्रणाची निकड मराठवाड्यात अधिक जाणवे, त्याचे एक कारण भारनियमन हे होय. मालिकेचा भाग वा गायनस्पर्धेची अंतिम फेरी नेमकी वीज गेलेल्या तासात येई आणि पुनःप्रक्षेपणाचीही तीच गत होई. ज्याच्याकडे इन्व्हर्टर किंवा यूपीएस असे, त्याने टिपून घेतलेली तबकडी मग नात्यागोत्यात फिरे.

कार्यक्रम टिपणे

ॲनालॉग केबलची तार संगणकातील टीव्ही ट्यूनर कार्डाला थेट जोडता येत असे. सेट-टॉप बॉक्स आल्यावर हे सोपेपण संपले. केबल दूरचित्रवाणी जाळी (विनियमन) कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीनुसार केबलचे अंकीकरण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२, तर पुणे व औरंगाबादसह ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. नांदेड व लातूर ही शहरे तिसऱ्या टप्प्यात आली. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. म्हणजेच ट्यूनर कार्ड मुंबईपेक्षा येथे, निदान कागदोपत्री, तीन वर्षे अधिक उपयोगी राहिले. मागासलेपणाचा असा लाभ विरळाच.

सेट-टॉप बॉक्समधील संकेत कूटबद्ध असतो. त्यामुळे बॉक्सच्या पिवळ्या, लाल व पांढऱ्या जोडण्यांतून बाहेर पडणारे ॲनालॉग चित्र व ध्वनी पुन्हा संगणकात घ्यावे लागतात. यात चित्र थोडे मऊ पडते आणि बॉक्सवर जी वाहिनी लावलेली असेल तीच टिपली जाते. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या 'डीडी डायरेक्ट प्लस' (पुढे 'डीडी फ्री डिश') या विनामूल्य सेवेतील कूटबद्ध नसलेल्या वाहिन्या मात्र उपग्रह ग्राहक कार्डाने जशाच्या तशा साठविता येत. जुन्या कॅसेटींसाठीही वरील तीन जोडण्यांचाच मार्ग आहे. तीन तासांची कॅसेट उतरविण्यास तीन तासच लागतात.

तबकडीची सिद्धता

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. टिपलेली फाइल नुसती तबकडीवर नकलून ठेवली, तर तयार होते ती 'डेटा डीव्हीडी'. संगणक ती वाचतो, पण जुना घरगुती प्लेअर ती नाकारतो. प्लेअरला ठरावीक रचना हवी असते. तबकडीवर 'व्हिडिओ_टीएस' नावाचे दालन असावे लागते. त्यात चित्र व ध्वनी एकत्र बांधलेल्या 'व्हीओबी' फाइली (प्रत्येकी कमाल १ जीबी), प्लेअरला मार्ग दाखविणाऱ्या 'आयएफओ' फाइली आणि त्यांच्या राखीव प्रती, म्हणजे 'बीयूपी' फाइली, असतात. ही रचना व पडद्यावरील मेनू 'डीव्हीडीस्टायलर'सारख्या विनामूल्य किंवा 'नीरो'सारख्या विकत मिळणाऱ्या आज्ञावलींनी तयार होतात.

चित्र सहसा एमपीईजी-२ पद्धतीचे असते. उपग्रहावरून आलेले चित्र याच पद्धतीचे असले, तरी अनेकदा ते ५४४×५७६ मापाचे असते. हे माप डीव्हीडीच्या नियमांत बसत नाही. काही प्लेअर ते चालवून घेतात, काही चित्र विकृत दाखवितात. अशा वेळी वेळखाऊ पुनर्संकेतन करणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

जाहिराती कापताना आणखी एक अडचण येते. एमपीईजी-२ मध्ये प्रत्येक चौकट पूर्ण साठविलेली नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चौकट येते व मधल्या चौकटींत केवळ बदल नोंदविलेले असतात. पुनर्संकेतन न करता कापायचे झाल्यास पूर्ण चौकटीवरच कापावे लागते. घरी केलेल्या तबकड्यांत जाहिरातीचा अर्धा शब्द शिल्लक राहिलेला आढळतो, तो यामुळे.

एकपदरी तबकडीची क्षमता ४.७ जीबी (४.७ अब्ज बाइट) असते. सेकंदाला ५० लाख बिट या वेगाने तिच्यावर सुमारे दोन तास पाच मिनिटांचे चित्रण मावते. जाहिराती वगळून मालिकेचा भाग २२ मिनिटांचा धरल्यास पाच भाग बसतात. बिटवेग निम्मा करून व ३५२×५७६ हे नियमसंमत माप घेऊन चार तास बसविता येतात. संवादप्रधान मालिकेला ते चालते, क्रिकेटच्या सामन्याला नाही.

मुद्रण आणि तबकड्यांचे प्रकार

मुद्रणयंत्रातील ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर तबकडीतील सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवितो. 'डीव्हीडी-आर' व 'डीव्हीडी+आर' या तबकड्यांवर त्या कायमच्या असतात. 'आरडब्ल्यू' तबकडीत रंगद्रव्याऐवजी अवस्था बदलणारे मिश्रधातू असतात, म्हणून ती पुसून पुन्हा वापरता येते. तिची परावर्तनक्षमता कमी असल्याने काही जुने प्लेअर तिला दुपदरी तबकडी समजून गोंधळतात. मुद्रण चालू असताना वीज गेल्यास 'आर' तबकडी बहुधा वाया जाते, तर 'आरडब्ल्यू' पुसून पुन्हा लिहिता येते. भारनियमनाच्या काळात हा भेद खर्चाचा होता. शेवटी तबकडी 'फायनलाइझ' करणे राहून गेल्यास ती दुसऱ्या प्लेअरवर सहसा चालत नाही.

कायदेशीर बाजू

प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रक्षेपण संस्थेस आपल्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा विशेष अधिकार असतो. कलम ३९ मुद्रण करणाऱ्याच्या खाजगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणास सूट देते. अशा तबकड्यांच्या प्रती काढून विकणे या सवलतीत येत नाही. महाराष्ट्रात २००९ साली झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्धच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात चित्रफितींची चाचेगिरी करणाऱ्यांचाही समावेश करण्यात आला.

जतन

मुद्रित तबकडीतील रंगद्रव्य ऊन, उष्णता व दमटपणा यांनी हळूहळू बिघडते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारीत ठेवलेल्या तबकड्या त्यामुळे लवकर खराब होतात. तबकडी डबीत, उभी व अंधाऱ्या जागी ठेवावी आणि तिच्यावर टोकदार बॉलपेनाने लिहू नये. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या तबकड्यांतील मजकूर, विशेषतः मूळ कॅसेट नष्ट झालेली असल्यास, वाचता येतो तोवरच हार्ड डिस्कवर काढून घेणे इष्ट होय. प्लेअरवर चित्र अडखळू लागणे हे बिघाडाचे पहिले लक्षण असते. अशी तबकडी दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये कमी वेगाने वाचून पाहिल्यास पुष्कळदा पूर्ण निघते.