बोटीनं जायचंय? मग आधी हे वाचा

नांदेडच्या आमच्या भिशीत आम्ही बारा जणी. महिन्याला पैसे जमवायचे, चिठ्ठी काढायची, पोहे-चहा झाला की घरी. सहल म्हणाल तर तुळजापूर, माहूर, फार झालं तर शिर्डी. अशात एकीनं टीव्हीवर जाहिरात बघितली आणि म्हणाली, "अवं, आपण बोटीत का जाऊ नये?" सगळ्या हसल्या. गोदावरीच्या घाटावर होडीत बसताना ज्या एकमेकींचा पदर सोडत नाहीत, त्या म्हणे समुद्रात जाणार! पण पुढच्या महिन्यात पुन्हा तोच विषय निघाला. मग ठरलंच. वर्षभर दरमहा दोन हजार बाजूला टाकायचे आणि मुंबई-गोवा-मुंबई करून यायचं.

निघालो बारा जणी, बोटीत चढलो दहा. ते कसं झालं ते पुढे सांगतेच.

जाण्याआधी आणि आल्यावरही मी बऱ्याच जणींशी बोलले. लातूरच्या माझ्या नणंदबाई दोनदा जाऊन आल्यात, एकदा गोव्याला आणि एकदा लक्षद्वीपला. आमच्या कॉलनीतल्या एक निवृत्त शिक्षिका लेकासुनेबरोबर गेल्या होत्या आणि "पुन्हा नाव काढू नका" म्हणतात. तिसऱ्या म्हणजे एका मैत्रिणीच्या सासूबाई. माहेर मालवणचं, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, त्या आपणहून बोलायला लागल्या. "आम्ही बोटीनंच मुंबईला जायचो, त्यात काय एवढं?" म्हणे. कोकणात रस्ते धड नव्हते तेव्हा चाकरमानी, बाळंतिणी, आंब्याच्या पेट्या, सगळं बोटीनंच जायचं. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. लांब उभी राहायची आणि पडावात बसून तिथपर्यंत जावं लागायचं. डेकवर वळकटी पसरायची आणि झोपायचं. 'रामदास' बोटीचं नाव निघालं की घरातली मोठी माणसं गप्प व्हायची, हेही त्यांनीच सांगितलं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेच्यावर माणसं गेली. आपल्या मराठवाड्यात कुणाला ठाऊक असतं हे?

आताच्या बोटी म्हणजे तरंगतं हॉटेलच. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती, ती फार दिवस टिकली नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो तेव्हा तिचा मुक्काम चेन्नईकडे हलतो. म्हणून आपल्याला मुंबईहून जायचं तर दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतचे दिवस बरे.

आता त्या दोघींचं सांगते. बंदरावर विमानतळासारखी तपासणी असते. सरकारी फोटो ओळखपत्र लागतं, आणि त्यावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळावं लागतं. आमच्यातल्या एकीचं आधार माहेरच्या नावाचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण कार्ड तसंच. गावातल्या एजंटानं यादी करताना सगळ्यांची नावं नवऱ्याच्या नावासकट, सासरच्या आडनावानं लिहिली आणि आम्हीही "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत सह्या केल्या. खिडकीवरच्या मुलानं कार्ड बघितलं, तिकीट बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. दोनदा फोन लावले. एजंटाचा फोन लागेना. तासभर गेला. शेवटी तो म्हणाला, "मावशी, ही बाई तुम्हीच आहात हे मला दिसतंय, पण कागदावर दिसत नाही." तिची धाकटी बहीण आमच्यातच होती. ती म्हणाली, "ताईला एकटीला सोडून मी नाही जाणार." दोघी सीएसटीला परत गेल्या आणि रात्रीच्या गाडीनं नांदेडला आल्या. पैसे परत मिळाले नाहीत.

मला याचं फार लागलं. मी वस्तीतल्या बायांचे निराधारचे, रेशनचे फॉर्म भरून देते. नावातली वेलांटी चुकली तर अर्ज परत येतो हे मीच त्यांना दहादा सांगते. आणि माझ्याच मैत्रिणीचं कार्ड मी एकदा उघडून बघितलं नाही. एजंटाला नावं ठेवून काय उपयोग?

तेव्हा मैत्रिणींनो, तिकीट काढताना एजंटाला नाव तोंडी सांगू नका. कार्डाची झेरॉक्स द्या, आणि तिकीट हातात आलं की अक्षर अक्षर ताडून बघा. नणंदबाई लक्षद्वीपला गेल्या तेव्हा तिथला प्रवेश परवानाही याच नावावर निघाला. बोट श्रीलंकेसारख्या परदेशाला जाणार असेल तर पासपोर्ट लागतो. घरात कुणी गरोदर असेल तर आधीच विचारा, साधारण २४ आठवड्यांनंतर बोटीवर घेत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या लेकरालाही नाही.

आणखी एक. त्याच दिवशीच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. देवगिरी असो की लातूर एक्स्प्रेस, सकाळी पोचते खरी, आणि सीएसटीहून बॅलार्ड पियर टॅक्सीनं दहा मिनिटांवर आहे. पण गाडी चार तास लेट झाली तर बोट काही थांबत नाही. बोट संध्याकाळी सुटणार असली तरी आत घेणं त्याच्या बरंच आधी बंद होतं. आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम केलेला बरा.

मोठी बॅग बंदरावरच घेतात आणि ती खोलीच्या दाराशी यायला दोन-चार तास लागतात. आमच्या एकीची बीपीची गोळी त्या बॅगेत राहिली आणि ती संध्याकाळपर्यंत कासावीस. औषधं, चष्मा, एक कपड्याचा जोड आणि कागदपत्रं खांद्याच्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती काही नेऊ देत नाहीत, बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी. संकष्टीला निरांजन लावायचं म्हणून एकीनं काडेपेटी आणली होती, ती तपासणीत गेली. घरचा डबाही चालत नाही. आमचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बंदराबाहेर बसून संपवावी लागली. (बरंच झालं, त्या दोघींच्या पोटात तेवढंच गेलं.)

खोलीवरून आमच्यात अजून वाद आहे. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते. माझं म्हणणं, दोन रात्रींसाठी खिडकीचे पैसे कशाला? झोपण्यापुरतंच तर खोलीत जायचं, समुद्र डेकवरून फुकट दिसतो. नणंदबाई म्हणतात, "वैनी, पहाटे पाचला पडदा सरकवला आणि नुसतं पाणीच पाणी. मी एकटी बसून रडले. ते डेकवर चारचौघांत जमलं असतं का?" त्या लातूरच्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या. बोटीवर अंघोळीला गोडं पाणी कुठून येतं हे त्यांनी तिथल्या माणसाला खोदून खोदून विचारलं. समुद्राचंच पाणी उकळून वाफेचं, नाहीतर बारीक पडद्यातून दाबून गाळलेलं. "अन् आम्ही आठ दिवसाला एक टँकर वाटून घेत होतो," एवढंच म्हणाल्या.

खोली मागताना मात्र बोटीच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथं हेलकावे कमी लागतात. मालवणच्या आजींनीही हेच सांगितलं होतं, "पुढं बसू नये, मागं बसू नये, मधे बसावं." आणि वर, "पोट रिकामं नको, गच्चही नको." आम्ही ऐकलं नाही. पहिल्या रात्री जेवणावर ताव मारला आणि अकरा वाजता एक जण म्हणाली, "माय, डोकं गरगर करूलालंय." मग तिघी आडव्या. उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, तासभर आधी घ्यावी लागते, आणि तिनं झोपही येते. बीपी, शुगर, दम्याच्या बाया असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच कुठली ते ठरवा. आल्याची वडी चघळायची, खोलीत कोंडून न घेता डेकवर येऊन जिथं आभाळ आणि पाणी टेकतं तिथं नजर ठेवायची. मला तेवढ्यानंच बरं वाटलं.

साडी नेसायची तर नेसा, पण डेकवर वारा असा की पदराला तीन पिना कमी पडतात. पंजाबी ड्रेस आणि मागं पट्टा असलेली चप्पल सोयीची. न्हाणीघराच्या दाराला उंच उंबरठा असतो, रात्री ठेच लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी लक्षद्वीपचा विचार नीट करावा. तिथं मोठी बोट लांब समुद्रात उभी राहते आणि छोट्या होडीत उतरून बेटावर जावं लागतं. थेट मालवणच्या आजींच्या पडावासारखं! लाटा मोठ्या असतील तर उतरणं रद्दही होतं. आमच्या नणंदबाईंनी चार रात्रींचे पैसे भरले, आणि बेट लांबूनच बघून आल्या.

बोट सुटण्याआधी भोंगा होतो आणि सगळ्यांना एका ठरलेल्या जागी बोलावतात. लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की संकट समजायचं आणि त्याच जागी जमायचं. लोक तेव्हा फोटो काढत असतात, नाहीतर खोलीतून येतच नाहीत. हे करू नका. इटलीजवळ १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' नावाची अशीच हौसेची बोट खडकावर आपटून कलंडली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही तालीम तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर जगभर नियम झाला, की तालीम बोट सुटण्याआधी नाहीतर सुटल्या-सुटल्या व्हायलाच हवी. आपल्याला पोहता येत नाही, म्हणून आपण तर पहिल्या रांगेत उभं राहावं.

पैशाचं सांगते. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड देतात तेच दाखवून बोटीवर सगळं घेता येतं. रोख द्यावी लागत नाही, आणि तिथंच फसगत होते. मुख्य जेवणघरातलं जेवण तिकिटात असतं. पण कोल्ड्रिंक, वेगळ्या हॉटेलातलं जेवण, इंटरनेट, मालिश, बंदरावरच्या सहली, फोटो, याचे पैसे वेगळे. तिकिटावरही बंदराचा कर, जीएसटी, नोकरांची बक्षिसी असं चढत जातं. "सगळं धरून किती?" हे एजंटाकडून कागदावर लिहून घ्या. शेवटच्या सकाळी आमच्यातल्या एकीचं बिल साडेतीन हजार आलं. काय तर नारळपाणी म्हणून दिलेले रंगीत पेले! आम्ही मग रोज रात्री काउंटरवर जाऊन "आमचं किती झालं?" विचारायचं ठरवलं असतं तर बरं झालं असतं. विचारायला लाज वाटली, दुसरं काय? मोबाइल विमानातल्यासारखा बंद करून ठेवा, नाहीतर समुद्रात बोटीचं महागडं नेटवर्क पकडतो आणि घरी आल्यावर बिल कळतं.

शिक्षिका बाईंची तक्रार वेगळीच. त्या शुक्रवारी निघाल्या होत्या आणि बोटीवर पार्टीला आलेली तरणी पोरं, पहाटेपर्यंत गाणी, दारू. त्यांचं म्हणणं काही खोटं नाही, बोटीवर बार असतो, जुगाराचे टेबलही असतात. आम्ही मुद्दाम आठवड्याच्या मधली फेरी घेतली, तर कुटुंबं जास्त होती. कुणी आमच्याकडे वाकडं बघितलं नाही. दहा जणींनी रात्री डेकवर फुगडी घातली, तेव्हा दोन गुजराती बाया येऊन सामील झाल्या.

जेवणाची ददात नाही, शाकाहारी, जैन सगळं मिळतं. उपवास असेल तर आदल्या दिवशी सांगा, साबुदाणा मिळेलच असं नाही, पण केळी, दूध, उकडलेले बटाटे देतात. एक गोष्ट मात्र खटकली. लोक ताट भरभरून घेतात आणि निम्मं टाकतात. हुजूर साहिबच्या लंगरमध्ये आम्ही लहानपणापासून जेवतो, पानात कण ठेवायची हिंमत होत नाही. जेवणाआधी हात मात्र साबणानंच धुवा, एवढी माणसं एका जागी असली की पोटाची साथ पटकन पसरते.

गोव्याला बोट मुरगावला लागते. पणजी तिथून जवळ नाही. चार-पाच जणींनी मिळून टॅक्सी करा, भाव आधी ठरवा आणि परतीची वेळ ड्रायव्हरला दोनदा सांगा. दिलेल्या वेळेच्या तासभर आधी आम्ही परत आलो. एक जोडपं मात्र धावत येताना वरून दिसलं, थोडक्यात वाचलं.

परत आल्यावरची पहिली भिशी त्या दोघींच्या घरी होती. फोटो दाखवावेत की नाही, आम्हाला कळेना. थोरलीच म्हणाली, "दाखवा की!" सगळे बघून झाल्यावर ठरलं, पुन्हा बारा महिने पैसे टाकायचे आणि यावेळी त्या दोघींना आधी पाठवायचं. मी म्हटलं, विवाह नोंदणीचा दाखला काढून देते, त्यावर आधारचं नाव बदलून घेऊ. ती पोह्याच्या ताटल्या गोळा करत होती. म्हणाली, "नको. वडलांच्या शेताच्या सातबाऱ्यावर माझं हेच नाव आहे, पासबुकावर हेच आहे. तिकीटच माझ्या नावानं काढा." आणि आतून कार्डाची झेरॉक्स आणून तिनं माझ्या हातात ठेवली.