हृदयाची वीज निघाली प्रवासाला

दोन बोटं मनगटावर ठेवा बरं. अंगठ्याच्या बाजूला, जरा आतल्या अंगाला. सापडली नाडी? आता गंमत ऐका. तुमच्या प्रत्येक ठोक्याच्या आधी हृदयात इवलीशी वीज तयार होते! हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात काही खास पेशी आहेत. वीज तिथून निघते, पसरत पसरत खाली जाते आणि हृदयाचे स्नायू आकसतात. दिवसातून साधारण एक लाख वेळा. आणि हे सगळं चार्जिंगला न लावता!

छातीच्या कातडीपर्यंत पोचेतो ही वीज उरते जेमतेम एक मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्याचा दीड हजारावा भाग. एवढीशी वीज पकडायची आणि तिची वरखाली होणारी रेघ काढायची, की झाला ईसीजी. वीज कुठे अडखळते आहे, हे हृदयतज्ज्ञाला त्या रेघेवरून कळतं.

पण हृदयतज्ज्ञच जवळपास नसला तर?

कॅमेरून हा देश तुमच्यातल्या फुटबॉलवेड्यांना नक्की माहीत असणार. आफ्रिकेत, नायजेरियाच्या शेजारी. तिथे 1987 साली आर्थर झांग जन्मला. राजधानी याऊंदेमध्ये तो इंजिनीअरिंग शिकत होता आणि कॉम्प्युटर हा त्याचा विषय. शिकता शिकता तो तिथल्या एका रुग्णालयात कामाचा अनुभव घ्यायला गेला आणि त्याची गाठ पडली प्राध्यापक सॅम्युएल किंगे या हृदयतज्ज्ञांशी. देशाची अडचण त्याला तिथे समजली. लोक दोन कोटींच्या वर आणि हृदयतज्ज्ञ पन्नासच्या आसपास! तेही बहुतेक याऊंदे आणि दुआला या दोन मोठ्या शहरांत. दूरच्या गावात कुणाच्या छातीत दुखलं, तर त्याने आधी तिकिटाचे पैसे जमवायचे, मग तासन्‌तास बसमध्ये धक्के खायचे, तेव्हा कुठे तपासणी. पुन्हा बोलावलं की पुन्हा तेच.

आर्थरने विचार केला, माणसाला बस लागते, पण त्या रेघेला कुठे लागते? ती मोबाइलच्या नेटवर्कवरून जाईल की!

सॉफ्टवेअर लिहिणं हा त्याच्या हातचा मळ. घोडं अडलं यंत्रापाशी. एक मिलिव्होल्ट पकडणं म्हणजे भर बाजारात कुणीतरी कानाशी कुजबुजलेलं ऐकण्यासारखं आहे. घरातल्या विजेच्या तारा सेकंदाला 50 वेळा गुणगुणत असतात, ते यात मिसळतं. हातापायाचे स्नायूही वीज तयार करतात, तीही मध्ये लुडबुडते. (ईसीजी काढताना ‘हलू नका’ म्हणून दटावतात ते याचसाठी!) नको ते गाळायचं, हवं ते मोठं करायचं, हे काम इलेक्ट्रॉनिक्सचं. आणि ते आर्थरला येत नव्हतं.

मग त्याला शिकवलं कुणी? आपल्या खरगपूरच्या आयआयटीने! तो काही भारतात आला नाही. तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट होता, तो त्याने याऊंदेत बसून पुरा केला. या सगळ्या कहाणीतला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

पैशाचं गाडं मात्र बरेच दिवस रुतून बसलं होतं. शेवटी देशाच्या राष्ट्राध्यक्षांकडून 2 कोटी सीएफए फ्रँक मिळाले (फार मोठे वाटतात ना? पण तिथला फ्रँक आपल्या रुपयापेक्षाही लहान) आणि काम पुढे सरकलं. आर्थरने हिमोर मेडिकल नावाची कंपनी काढली आणि यंत्राचं नाव ठेवलं कार्डिओपॅड.

दिसायला हा साधा टॅब्लेट. गावच्या दवाखान्यातली नर्स रुग्णाच्या छातीवर इलेक्ट्रोड चिकटवते. त्यांनी टिपलेली वीज टॅब्लेटकडे जाते आणि पडद्यावर रेघ धावू लागते. मग ती मोबाइल नेटवर्कवरून थेट शहरातल्या डॉक्टरांपुढे. ते रेघ वाचतात आणि उलट निरोप धाडतात. यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे गावातली वीज गेली तरी काम थांबत नाही.

हृदयाची वीज अशी दूर धाडण्याची कल्पना मात्र आर्थरच्या खापरपणजोबांच्या काळातली आहे! नेदरलँड्समध्ये विलेम आइंटहोव्हेन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचं ईसीजी यंत्र होतं सुमारे 270 किलोचं. ते चालवायला पाच माणसं लागत आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. हे धूड रुग्णालयात न्यायचं कसं? मग 1905 साली त्यांनी टेलिफोनच्या तारेतून रुग्णांच्या हृदयाची वीजच सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत मागवली. पुढे 1924 साली त्यांना नोबेल मिळालं.

आर्थरलाही बक्षिसं मिळाली. 2014 मध्ये रोलेक्स पुरस्कार आणि 2016 मध्ये आफ्रिकेतल्या नव्या इंजिनीअरिंग शोधांसाठी ब्रिटनची रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंग देते तो मोठा पुरस्कार, 25 हजार पौंडांचा. तेव्हा तो 28 वर्षांचा होता.

आता एक कोडं तुमच्यासाठी. घरात कुणाचा जुना ईसीजी असेल तर मागून घ्या. मोठ्या दवाखान्यात तो काढताना अंगाला दहा तारा लावतात, सहा छातीला आणि चार हातापायांना. पण कागदावर हृदयाची चित्रं उमटतात बारा. दहा तारांतून बारा चित्रं कशी? एक धागा देतो: वीज कधी एकाच जागी मोजता येत नाही, दोन जागांमधला फरक मोजावा लागतो. बसा आता कागद-पेन्सिल घेऊन!