खोली, आजारपण आणि मंडळाचा निधी : विद्यार्थी प्रतिनिधीचे खरे काम



आपल्या शाळेत दरवर्षी वर्गप्रतिनिधी निवडले जातात. प्रतिनिधी म्हणजे रांग लावणारा, फळा पुसून घेणारा आणि स्नेहसंमेलनात आभार मानणारा, अशी मुलांची समजूत असते. पालकांची समजूत वेगळी असते. ‘छात्रसंघ’ हा शब्द ऐकला की त्यांना घोषणा आणि मारामाऱ्या आठवतात. ही भीती निराधार नाही. ऑगस्ट २००६ मध्ये आपल्याच प्रदेशात, उज्जैनच्या माधव महाविद्यालयात, छात्रसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या गोंधळात प्रा. सभरवाल यांचा मृत्यू झाला. मध्यप्रदेशात पुढे अनेक वर्षे या निवडणुका बंद होत्या. २०१७ मध्ये त्या पुन्हा घेण्यात आल्या. महाराष्ट्रातही १९९४ च्या कायद्याने निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली आणि २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आली.

परंतु निवडणूक हा या विषयाचा एक दिवस झाला. उरलेले वर्षभर प्रतिनिधीने काय करायचे असते, हे आम्हाला येथे सांगायचे आहे. आपली मुले पदवीनंतर एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी. साठी भोपाळमध्ये, पुण्या-मुंबईला किंवा परदेशी जातात. आपल्या नेहरू नगरातच भारतीय वन प्रबंधन संस्था आहे, तेथेही बाहेरगावचे पदव्युत्तर विद्यार्थी राहून शिकतात. या वयात घरून पैसे मागण्याचा संकोच वाटतो आणि नोकरी तर लागलेली नसते. अशा वेळी तीन प्रश्न समोर येतात. राहायचे कुठे? आजारी पडलो तर खर्च कसा भागवायचा? आणि चार जण मिळून काही उपक्रम करायचा तर निधी कुठून आणायचा?

पहिला प्रश्न निवासाचा. वसतिगृहाचा कारभार विद्यार्थ्यांनी पाहावा ही कल्पना आपल्या मराठी माणसाला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे स्वयंपाकापासून सफाईपर्यंतची कामे मुले स्वतः करीत. आज पवईच्या आय.आय.टी. सारख्या संस्थांत प्रत्येक वसतिगृहाची विद्यार्थ्यांनी निवडलेली परिषद असते आणि मेसचे जेवण, दुरुस्ती, खेळ यांसाठी वेगवेगळे विद्यार्थी जबाबदार असतात. संशोधक विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर छात्रवृत्तीच्या नियमांत घरभाडे भत्त्याची तरतूद असते, जागा मिळाली तर तो भत्ता मिळत नाही. म्हणून खोल्या किती, त्या कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायच्या, हा त्यांच्यासाठी थेट पैशाचा प्रश्न असतो. वाटपाची यादी सर्वांसमोर लावा, एवढी साधी मागणी करणारा प्रतिनिधी शंभर भाषणांपेक्षा जास्त काम करतो.

छात्रवृत्तीचेही तसेच आहे. देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन निवेदने दिली, आकडे मांडले, पाठपुरावा केला. केंद्राची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०१९ पासून दरमहा २५,००० वरून ३१,००० रुपये आणि जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. ‘गाव करी ते राव न करी’ म्हणतात ते यालाच.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. आपल्याकडे बहुतेक मोठ्या संस्थांत दवाखाना असतो आणि शुल्कातच सामूहिक विम्याची रक्कम घेतली जाते. पण त्या विम्यात काय बसते हे विद्यार्थ्याला दाखल होण्याची वेळ आली की कळते. परदेशात हा प्रश्न अधिक कठीण. अमेरिकेत जे-१ व्हिसावर जाणाऱ्यास प्रत्येक आजार वा अपघातासाठी किमान १ लाख डॉलरचा विमा असणे नियमाने बंधनकारक आहे. नेहमीच्या एफ-१ व्हिसासाठी सरकारचा असा नियम नाही, पण बहुतेक विद्यापीठे स्वतःच विमा सक्तीचा करतात. दात आणि डोळे यांचा विमा पुष्कळदा वेगळा घ्यावा लागतो. तेथील मोठ्या विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांची स्वतंत्र परिषद असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अशी परिषद १९५३ पासूनची आहे. विम्याचा हप्ता किती वाढणार, पत्नी किंवा मुलाचा समावेश कसा होईल, यावर अशा परिषदा प्रशासनाशी चर्चा करतात. त्यासाठी विम्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला प्रतिनिधी लागतो.

तिसरा प्रश्न मंडळांच्या निधीचा. अमेरिकन विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्याकडून उपक्रम शुल्क घेतले जाते आणि विद्यार्थी परिषद ते वेगवेगळ्या मंडळांना वाटते. दिवाळी साजरी करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळालाही त्यातून मदत मागता येते. मात्र आधी अंदाजपत्रक द्यावे लागते आणि मागाहून पावत्या. हे शुल्क सक्तीचे का, असा वाद विस्कॉन्सिन विद्यापीठातून तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००० साली न्यायालयाने सांगितले की शुल्क घेता येईल, पण वाटप करताना कोणत्याही मंडळाचे विचार आवडतात की नावडतात हे पाहायचे नाही. आम्हाला हे तत्त्व फार मोलाचे वाटते. सर्वांचा पैसा असेल तर तो आपल्या मित्रांना देता येत नाही.

आपल्याकडेही हिशेबाची शिस्त आहे. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. त्यानुसार उमेदवाराला ५,००० रुपयांहून जास्त खर्च करता येत नाही, छापील पोस्टर लावता येत नाही, ७५ टक्के हजेरी लागते आणि निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब द्यावा लागतो. संशोधक विद्यार्थी २८ व्या वर्षापर्यंत उमेदवार होऊ शकतो. जेथे निवडणूक होत नाही तेथेही विद्यार्थी निराधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. निर्णय न पटल्यास लोकपालाकडे अपील करता येते. तक्रार लेखी, तारखेसह आणि कागदपत्रे जोडून केली तरच हा मार्ग उपयोगी पडतो.

तात्पर्य, प्रतिनिधीचे काम तीन गोष्टींत सामावते : नियम वाचणे, सर्वांसाठी मागणे आणि पै-पैचा हिशेब उघडा ठेवणे. या सवयी पंचविसाव्या वर्षी अचानक लागत नाहीत. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवीत आहोत. येत्या सत्रापासून विद्यार्थी मंडळाला प्रत्येक सत्रासाठी दोन हजार रुपये द्यावेत. विज्ञान, क्रीडा, नाट्य, वाचन अशा मंडळांनी लेखी मागणी करावी, प्रतिनिधींनी बैठकीत कारणासह निर्णय घ्यावा आणि बैठकीचे इतिवृत्त व पावत्या सूचना फलकावर लावाव्यात. शिक्षक फक्त हिशेब तपासतील, वाटप ठरवणार नाहीत.

यात एखादे मंडळ नाराज होईल, एखादा निर्णय चुकेलही. दोन हजारांत झालेली चूक शाळेला परवडते. पालकांना आमची एकच विनंती आहे : मुलाच्या मंडळाला निधी कमी मिळाला तर आम्हाला फोन करू नये. मुलालाच अर्ज लिहायला सांगावे.