तोफेच्या नळीचा खाना कोणता?

तोफेची नळी आणि ट्रकचा आस, दोन्ही लोखंडच. दोन्ही परदेशी पाठवता येतात, पण नळीला आधी सरकारची परवानगी लागते. कुठल्या मालाला ती लागते, हे भारतात ‘स्कोमेट’ यादी ठरवते. तिच्यात 0 ते 8 असे वर्ग आहेत. शून्यात अणुसामग्री, तर सहाव्यात थेट लष्करी माल. सहाव्या वर्गाचे परवाने संरक्षण उत्पादन विभाग देतो, अणुसामग्रीचे अणुऊर्जा विभाग आणि बाकी बहुतेक विदेश व्यापार महासंचालनालय.

सहाव्या वर्गातले पोटवर्ग शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार कराराच्या लष्करी यादीतील 22 कलमांवर बेतलेले आहेत. भारत या करारात डिसेंबर 2017 मध्ये सामील झाला. या यादीत तोफा, दारूगोळा, युद्धनौका, चिलखत असे सगळे आहे. गंमत अशी, की नळीच्या व्यासालाही महत्त्व आहे: 12.7 मिलिमीटरपर्यंत एक कलम, त्यापुढे दुसरे; नळी आतून गुळगुळीत असेल, तर ही सीमा 20 मिलिमीटर.

खरी कसोटी मात्र एका शब्दप्रयोगात आहे: ‘लष्करी वापरासाठी खास घडवलेले’. हिरवा रंग दिला म्हणून साधी जीप लष्करी ठरत नाही. चिलखती पत्रा बसवून युद्धासाठी बदलली, की ठरू शकते. लष्करी आणि नागरी दोन्हीकडे चालणाऱ्या वस्तूंसाठी आठवा वर्ग आहे, आणि माझ्या मते निर्यातदाराची खरी डोकेदुखी तिथेच आहे.

आणखी एक. यादीतल्या मालाचे तांत्रिक आराखडे परदेशी ईमेलने पाठवले, तरी ती निर्यातच धरली जाते.