यकृताचें भविष्य

मद्यपानामुळें ज्याचें यकृत बिघडूं लागलें आहे, त्याच्यापुढें काय वाढून ठेवलें आहे, हें आगाऊ सांगतां येईल काय? या प्रश्नास आजच्या वैद्यकानें बऱ्याच अंशीं होकारार्थी उत्तर दिलें आहे. तें कसें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं.

आमच्या सोलापूर जिल्ह्यास हा विषय परका नाहीं. इ. स. २०२१ मध्यें ग्रामीण पोलिसांच्या तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनीं 'ऑपरेशन परिवर्तन' ही मोहीम सुरू केली. मुळेगांव तांड्यासारख्या वस्त्यांतील हातभट्ट्या नुसत्या मोडून न थांबतां, त्या चालविणाऱ्या कुटुंबांस दुसरे उद्योग मिळवून देण्याचा प्रयत्न तींत झाला. परंतु भट्टी विझली तरी पिणाऱ्याच्या शरीरांत झालेली हानि मागें राहतेच; ती किती, हें पाहावें लागतें.

यकृत हें मोठें सोशिक इंद्रिय. मद्यानें प्रथम त्यांत चरबी सांचते, मग दाह होतो, आणि शेवटीं जखमेच्या वणासारखे तंतु माजून तें कठीण होतें. यासच सिऱ्होसिस म्हणतात. कठीण यकृतांतून रक्त सुरळीत वाहत नाहीं. मागें दाब वाढतो, आणि जलोदर, कावीळ, रक्ताची ओकारी हीं संकटें ओढवतात. तोंपर्यंत रोग्यास बहुधा कांहींच दुखत नाहीं, हाच खरा धोका.

पूर्वीं ही कठिणता अजमावण्यास सुईनें यकृताचा कण काढावा लागे. साध्या सोनोग्राफींत चरबी व पोटांतील पाणी दिसतें, पण आरंभींची कठिणता निसटते. सन २००३ च्या सुमारास फ्रान्समध्यें 'फायब्रोस्कॅन' नामक यंत्र पुढें आलें. तें बरगड्यांमधून हलकीच टिचकी देतें, आणि तिची लाट यकृतांतून किती वेगानें धांवते, हें ध्वनिलहरींच्या साह्यानें मोजतें. मागावरील सैल सुतास टिचकी मारिली तर लाट सावकाश जाते, ताणलेल्या सुतावर ती झरकन् पळते. तद्वत् यकृत जितकें कठीण, तितकी लाट वेगवान.

हें माप किलोपास्कलमध्यें मिळतें. निरोगी यकृताचें माप ५ च्या आसपास असतें. तें १० च्या आंत असून इतर लक्षणें नसतील, तर रोग बळावलेला नाहीं असें बहुधा म्हणतां येतें. १५ च्या वर तो बळावला असण्याचा दाट संभव असतो. आणि २५ गांठल्यास रक्ताचा दाब धोक्याच्या पातळीस पोहोंचला, असें समजतात. तथापि नुकत्याच घेतलेल्या मद्याच्या दाहानें किंवा जेवणानेंही आंकडा फुगतो. म्हणून ही तपासणी निदान तीन तास उपाशीं राहून करितात, व रक्ताच्या तपासणीशीं ताडून पाहतात.

कपाळीं लिहिलेलें टळत नाहीं, असें म्हणतात. हें लिहिलेलें मात्र पुष्कळदां पुसतां येतें. मद्य सोडलेल्या अनेक रोग्यांचा आंकडा कांहीं आठवड्यांतच उतरूं लागतो. एकच सावधगिरी हवी: दीर्घकाळ रोज पिणाऱ्यानें एकाएकीं न सोडतां डॉक्टरांच्या देखरेखीखालीं सोडावें, नाहींतर झटके व भ्रम होण्याचें भय असतें.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं हें दुःख असेल, तर त्यानें तें लाजेनें झांकूं नये. वडील माणसांस विनवून रुग्णालयांत न्यावें. पोट फुगल्यावर तेथें जाणें आणि आंकडा लहान असतां जाणें, यांत एका आयुष्याचें अंतर पडतें.